परदेशात शिकून गावात परतलेल्यांची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक वेगळाच कर्जाचा अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, बी-बियाण्यासाठीही नाही. आमच्यातल्याच एकीच्या मुलीला इंग्रजीच्या परीक्षेची फी भरायची होती. ही परीक्षा दिली की परदेशातल्या विद्यापीठात अर्ज करता येतो. मुलगी यवतमाळला समाजकार्य शिकली. एका संस्थेच्या प्रकल्पात अकरा महिन्यांच्या करारावर राहिली. प्रकल्प संपला, ऑफिसला कुलूप लागलं आणि ती घरी आली. आता तिला ‘आंतरराष्ट्रीय विकास’ या विषयात पुढचं शिकायचं आहे आणि नंतर संस्थेचंच काम करायचं आहे.

गटातल्या सगळ्यात वडील आजींनी विचारलं, “हे शिकून पोरगी होते तरी काय? डॉक्टरीण होते का मास्तरीण होते?”

मुलीच्या आईला सांगता येईना. दुसरी एक म्हणाली, “जीपमध्ये बसून येते आन् आपले फारम भरून नेते!” सगळ्या हसल्या.

आम्हीही हसलो. पण त्या हसण्यात थोडा राग होता. २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं, त्यात आपला यवतमाळ होता. त्याच्या आधीपासून आणि नंतरही कितीतरी लोक आपल्या जिल्ह्यात येऊन गेले. जमीन किती, कर्ज किती, घरात कोण गेलं, सारं विचारून गेले. उत्तरं देताना बाया रडल्या. त्या उत्तरांचं पुढे काय झालं, ते सांगायला मात्र फार थोडे परत आले.

कर्जाचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. तोपर्यंत आम्ही काही जणींनी ठरवलं, की आधी असं शिकून कोणी गावात परतलं का, त्यांनी काय केलं, ते शोधून काढू. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हा विषय काय ते बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक देश स्वतंत्र होत गेले. स्वतंत्र झाले तरी गरिबी सरेना. मग काही देशांची सरकारं, संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक बँक यांनी पैसा आणि योजना सुरू केल्या. तो पैसा कुठे जातो, कोणाला मिळतो, कोण वंचित राहतो, याचा अभ्यास म्हणजे हा विषय. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात १९६६ साली त्यासाठी वेगळी संस्थाच निघाली. नाव लांबचं वाटतं, पण ही गोष्ट आपल्या घरापर्यंत आलेली आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं ‘माविम’, १९७५ साली निघालं. त्याचा ‘तेजस्विनी’ कार्यक्रम २००७ पासून महाराष्ट्राच्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत चालला, त्याला रोममधल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचं कर्ज होतं. म्हणजे आपण चटईवर बसून ज्या रजिस्टरवर सह्या करत होतो, त्याचा एक धागा रोमपर्यंत जात होता.

आता इतिहासाकडे येऊ. महाराष्ट्रात परदेशी पदवी घेऊन समाजासाठी संस्था काढणाऱ्यांत एक मोठं नाव आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्र शिकले, १९१५ साली एम.ए. झाले, पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण एवढ्या शिकलेल्या माणसाला जातीमुळे राहायला खोली मिळाली नाही. मग मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली परत आल्यावर त्यांनी २० जुलै १९२४ रोजी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ काढली. या सभेच्या पहिल्या कामांत सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह होतं. ज्याला स्वतःला खोली मिळाली नव्हती, त्याच्या सभेनं मुलांसाठी खोल्या केल्या. आणि हेही लक्षात ठेवा, की हे शिक्षण उसनवारीवरही झालं होतं. आमच्या गटापुढचा अर्ज काही जगावेगळा नव्हता.

पुढची गोष्ट तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली. रजनीकांत आरोळे आणि मेबल आरोळे हे डॉक्टर नवरा-बायको. दोघं वेल्लोरला शिकले आणि वडाळा इथल्या मिशन दवाखान्यात कामाला लागले. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की तेच तेच आजार पुन्हा येतात. हगवणीचं मूल बरं करून घरी पाठवायचं, ते तेच पाणी पिऊन परत दवाखान्यात. हा प्रश्न डोक्यात घेऊन दोघं अमेरिकेला गेले, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली दुष्काळी जामखेडला येऊन राहिले.

आधी त्यांना वाटलं होतं, की शिकलेल्या नर्स गावोगाव ठेवू. ते जमलं नाही. नर्स एकटी परक्या गावात राहीना, गावातल्या बायाही तिच्याजवळ मन मोकळं करीनात. मग गावातलीच बाई निवडायची, तिलाच शिकवायचं, असं ठरलं. या बायांतल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन बाळंतपण, मुलांचा आहार, स्वच्छ पाणी बघायच्या. जिच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं, तिच्या हातून गाव औषध घेऊ लागलं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या अशा कामांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारची. चंद्रपूर ओलांडलं की गडचिरोली. डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या, बायांच्या आजारांच्या तज्ज्ञ. त्यांचे पती डॉ. अभय बंग वर्ध्याचे. दोघांनी आधी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम केलं. शेतमजुराची किमान मजुरी ठरवताना त्याच्या जेवणाचा हिशेबच कमी धरला आहे, हे अभय बंग यांनी तेव्हा मांडून दाखवलं. औषध आहे, डॉक्टर आहे, तरी गरीब माणूस आजारीच का, हा त्यांचाही प्रश्न. तो घेऊन तेही जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि १९८४ साली परत आले. मोठ्या शहरात बसता आलं असतं. पण १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जिल्हा तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. सुरुवातीची जागा म्हणजे तेंदूपत्त्याचं गोदाम.

राणीताईंकडे बाया यायच्या आणि हळूच सांगायच्या: अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीचा त्रास आहे. त्या काळी सरकारी आरोग्याच्या कामात बाई दिसायची ती गरोदर असली तर, नाहीतर ऑपरेशनच्या वेळी. तिच्या बाकी दुखण्यांची मोजणीच कुठे नव्हती. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १०० पैकी ९२ बायांना स्त्रियांचा एक तरी आजार निघाला. सरासरी धरली तर एका बाईला तीनहून जास्त आजार. आणि १०० पैकी फक्त ८ जणींची आधी कधी अशी तपासणी झाली होती. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि खेड्यातल्या बाईचं दुखणं जगाच्या चर्चेत आलं.

जरा थांबून विचार करा. हाही सर्व्हेच होता. इथेही बायांना प्रश्न विचारले, कागद भरले. मग फरक कुठे? विचारणारी बाई त्याच जिल्ह्यात राहत होती. ती दुसऱ्या दिवशीही भेटणार होती. तिच्या हातात कागद होता, तसं औषधही होतं.

दवाखाना बांधतानाही त्यांनी आदिवासींना विचारलं, की तुम्हाला सरकारी दवाखान्यात का जावंसं वाटत नाही? लोकांनी सांगितलं: इमारत एवढी मोठी की भीती वाटते, सोबतच्या माणसांना राहायला जागा नाही. मग दवाखाना गावातल्या घरांसारखा बांधला, नातेवाइकांना राहता येईल असा, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं.

लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती. मिनिटाला बाळ किती श्वास घेतं, त्यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. पण दाईला एवढं मोजता येत नव्हतं. मग वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मणी अशी साधी वस्तू तयार केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरकले, तर बाळाला औषधाची गरज आहे. दाईला ‘तुला येत नाही’ म्हणून बाजूला नाही सारलं. तिला जेवढं येत होतं, तिथूनच सुरुवात केली.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यांना म्हणतात आरोग्यदूत. बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर काय करायचं, वजन कसं घ्यायचं, ऊब कशी द्यायची, जंतूची लागण कशी ओळखायची. गरज पडली तर इंजेक्शनही त्या देत. मोठमोठ्या डॉक्टरांना हे पटत नव्हतं. पण तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हेही ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला बघतात, वजन करतात, त्या पद्धतीचं मूळ गडचिरोलीच्या या बायांच्या कामात आहे. तुमच्या गावची आशाताई घरी येते तेव्हा हे आठवा.

आता आपल्याच जिल्ह्यात येऊ, आणि अलीकडच्या काळात. बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यातला, भटक्या समाजातला राजू केंद्रे हा तरुण. घरात कॉलेजपर्यंत गेलेलं आधी कोणी नव्हतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकला, ग्रामविकासाच्या कामासाठी यवतमाळ जिल्ह्यात आला. इथे राहून त्याला दिसलं, की आपल्या मुलांत हुशारी आहे, पण कुठे मोठी विद्यापीठं आहेत, फॉर्म कसा भरायचा, मुलाखतीत काय बोलायचं, हे सांगणारं घरात कोणी नाही. म्हणून त्यानं यवतमाळमध्ये ‘एकलव्य’चं काम सुरू केलं. शेतकरी, शेतमजूर, आदिवासी, दलित, भटक्या घरांतली मुलंमुली शिबिरात येतात, आधीची मुलं नव्यांना शिकवतात, आणि तिथून देशातल्या नामवंत संस्थांत जातात. २०२१ साली राजू केंद्रे स्वतः ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या ‘सोआस’ या विद्यापीठात विकासाचाच विषय शिकायला गेला. संस्था आधी, लंडन नंतर.

या साऱ्या गोष्टी एकीपुढे एक मांडल्या तेव्हा आम्हाला एक गोष्ट सारखी दिसली. कोणीही रिकाम्या हातानं गेलं नव्हतं. आंबेडकरांनी जात अंगावर सोसली होती. आरोळे वडाळ्याला राबून गेले, बंग वर्ध्याच्या खेड्यांतून गेले, केंद्रे यवतमाळमधून गेला. प्रश्न गावातून नेला आणि तिकडे त्याला धार लावली. तिकडून उत्तर तयार मिळालं नाही. ते पुन्हा गावातच सापडलं, आणि ते बऱ्याचदा बायांनी दिलं. पदवीचा अर्धा भाग विद्यापीठ देतं, अर्धा गाव देतं. गावाच्या अर्ध्या भागाचं प्रमाणपत्र मात्र कोणी छापत नाही.

इथे आम्हाला एक कडू गोष्टही बोलायची आहे. शिकलेल्या माणसाचं या क्षेत्रात करिअर होतं. त्याला पगार असतो, पुरस्कार मिळतात, नाव होतं. ते मिळावंच, कारण शहरातली मोठी कमाई सोडून येणं सोपं नाही. पण जिच्या हातांनी काम होतं, त्या गावातल्या बाईला काय? २००५ साली आशा योजना सुरू झाली तेव्हा तिला ‘स्वयंसेविका’ म्हटलं. कामागणिक मोबदला, पगार नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा मोठा सन्मान केला. पण त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, आणि पुन्हा २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. टाळ्या मिळाल्या, पण किराणा टाळ्यांवर भरता येत नाही. आपल्या गटांतल्या हिशेब लिहिणाऱ्या, बँकेत खेटे घालणाऱ्या बायांचीही तीच गत. सेवा म्हटलं की बाईचा वेळ फुकट धरायची सवय सरकारला आहे, संस्थांना आहे आणि घरालाही आहे.

संस्थेत नोकरी करू पाहणाऱ्या मुलींनीही हे क्षेत्र नीट ओळखून घ्यावं. संस्था चालते अनुदानावर. अनुदान येतं प्रकल्पाला, दोन-तीन वर्षांसाठी. म्हणून नोकरीही तेवढीच. संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि आपल्याकडच्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवलेली असते, तिला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. कामाला लागण्याआधी हिशेब बघा, आधीच्या लोकांना विचारा, करार वाचा. आणि शिष्यवृत्तीशिवाय परदेशाचं धाडस करू नका, शेत गहाण टाकून तर नाहीच. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाचीही आहे. समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन त्या वर्षीच्या अटी विचारून या.

हे सगळं घेऊन आम्ही पुढच्या बैठकीला गेलो. मुलीलाही बोलावलं. आजींनी तिला सरळच विचारलं, “पोरी, सांग मले, तू तिकडं कोणता प्रश्न घेऊन चालली?”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आजी, पेरणीपासून वेचणीपर्यंत बाई शेतात. पण सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. तो गेला की तिला कर्ज मिळत नाही, योजना मिळत नाही, ती शेतकरी आहे हेच सिद्ध करावं लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती केली, बायांच्या नावावर जमिनी झाल्या. ते तिथंच का थांबलं? दुसऱ्या देशांत बायांनी ते कसं मिळवलं? मला ते बघायचं आहे.”

कोणी काही बोललं नाही. आमच्यातल्या दोघी नवरा गेल्यानंतर वर्षानुवर्षं तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत आहेत.

एकीनं विचारलं, “आन् तू परत नाही आली तर?” मुलीच्या आधी तिची आई बोलली, “कर्ज माझ्या नावावर आहे. हप्ता मी भरीन. ती येवो न येवो, तिनं पुसलं तरी पाहिजे ना कोणी.”

कर्ज मंजूर झालं. व्याज सगळ्यांना जेवढं, तेवढंच. ठरावात आजींनी एक ओळ जास्तीची लिहायला लावली, ती इथे सांगतो: या मुलीनं पुढे कुठल्याही गावात, कुठल्याही संस्थेतर्फे बायांना प्रश्न विचारले, तर त्या उत्तरांचं काय झालं ते त्याच बायांसमोर येऊन वाचून दाखवायचं. मुलीनं खाली सही केली.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात कोणी फॉर्म घेऊन येईल. त्याला पाणी द्या, बसायला द्या, पण आधी तुम्ही दोन प्रश्न विचारा: हे कशासाठी, आणि परत कधी येणार? आणि तुमच्या गटात एखाद्या मुलीच्या शिक्षणाचा अर्ज आला, तर तिला नोकरी कुठली लागेल हे जरूर विचारा, पण ती प्रश्न कोणता घेऊन चालली तेही विचारा. तुमच्या बैठकीत काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमची पत्रं वाचू.